कुंदाचा श्रावण

कुंदा कुठलीही गोष्ट नुसती बघायची नाही, उचलून बघायची. गॅसचा सिलिंडर, भाजीवाल्याचा कोबी, दुसऱ्यांची पोरं. मरोळच्या आमच्या इमारतीत तिचं दार माझ्या दारासमोर. राहायला आली त्याच दिवशी तिने माझ्या नातवाला काखेत धरून उचललं आणि म्हणाली, "हलको आसा गो. खायला घाल." मला राग आला. माझा नातू, ही कोण सांगणार?

तिची मांजर रंगी, चांगली म्हातारी. एकाएकी ती फ्रीजवर उड्या मारायला लागली. दिवसभर ओरडायची, वाटीभर पाणी एका दमात संपवायची, शेजारच्या घरांतलंही चाटूनपुसून खायची. आम्ही सगळ्या हसत होतो. मी म्हटलं, "कुंदा, तुझ्या मांजरीला परत जवानी आली बघ."

ती हसली नाही. "जवानी कसली! खाता ता अंगाक लागना नाय. पाठीचं हाड हाताला लागतंय. आणि छाती बघ, शिलाई मशीन नुसती." मी हात लावून पाहिला. खरंच तशी धडधडत होती.

डॉक्टरने गळा चाचपला, रक्त तपासलं आणि थायरॉइड सांगितला. मी सोबत होते. कुंदा त्याच्याशी भांडलीच. "काहीतरी काय सांगता? माझ्या बहिणीला थायरॉइड आहे, ती फुगली. ही तर सुकली!"

"मावशी, बहिणीची ग्रंथी सुस्त असेल, हिची जास्त धावतेय. म्हाताऱ्या मांजरांना होतं असं. सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायची, न चुकता. आणि मधूनमधून रक्त तपासायचं."

रंगी गोळी थुंकायची. माशात लपवली तरच गिळायची. हळूहळू तिच्या अंगावर मांस चढलं, ओरडणं थांबलं.

मग श्रावण लागला. कुंदाच्या घरी श्रावणात मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या महिन्यात ती माझ्याकडे चहासुद्धा घ्यायची नाही, माझ्या भांड्यांना माशाचा वास म्हणून. तिने पनीरमध्ये गोळी घातली, दुधात घातली. रंगीने तोंड फिरवलं. जबडा उघडायला गेली तर मनगट ओरबाडून घेतलं. शेवटी म्हणाली, "बरी झालीय ती. महिनाभर राहू दे."

आठवडाही गेला नसेल, रंगी पुन्हा ओरडू लागली. चालताना पाय थरथरायचे. डॉक्टर चिडला. "गोळीने आजार जात नाही, दबून राहतो. अशी बंद केलीत तर हिचं हृदय थकेल आणि जाईल ही."

त्या संध्याकाळी कुंदा रंगीला काखेत घेऊन माझ्या दारात उभी. "सुमन, तुमच्याकडे श्रावण नाय ना?"

"आम्ही बौद्ध. बांगडा शिजतोय. ये आत."

ती माझ्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसली. मी काटे काढून देते म्हटलं तर म्हणाली, "नको, तुला दिसत नाय नीट." स्वतःच्या हाताने काटे काढले, गोळी घातली, रंगीला भरवली. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि मगच देवापुढे दिवा लावला. असं रोज, दोन्ही वेळा.

मी म्हटलं, "एवढ्या आंघोळी करून मरशील. एक नेम सोड ना."

"कुठला सोडू? देवाचा देवाकडे, हिचा हिच्याकडे. दोघांनी मिळून मलाच धरलाय."

एका सकाळी इमारतीला पाणीच आलं नाही. मला वाटलं, आज येत नाही ही. आली. रंगीला भरवलं, माझ्या पिंपातल्या तांब्याभर पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि घरी गेली. दारं उघडीच होती. ती देव्हाऱ्यापासून चार हात लांब थांबली, हात जोडले आणि म्हणाली, "आज हयसूनच. रागावलास तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नको."

रंगी त्यानंतर पुष्कळ जगली. शेवटी मूत्रपिंडाने गेली. तिच्या मागून कुंदाही वारली.

मी देव मानत नाही. पण त्या सकाळी कुंदाच्या देवाने देव्हाऱ्यातून उतरून तिच्याजवळ यायला हवं होतं. मी दारात उभी राहून बराच वेळ वाट बघितली.