उरलेले पेले

आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आदल्या दिवशी बायको काळ्या मनुका उकळून रस गाळते आणि मी तो अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांत, माणशी एक, भरतो. उरलेला रस मोरीत ओतायचा नाही, मातीत ओतायचा, असं मला आधीच्या पाळकांनी शिकवलं होतं. म्हणून उपासना संपली की मी ट्रे घेऊन मागच्या सीताफळाखाली बसतो.

काल मार्थाबाई चर्चचं आवार झाडता झाडता थांबल्या. "पाळकसाहेब, माणसं येतात पंधरा. चाळीस कशाला भरता?"

मी पुढचा पेला मातीत ओतला. पेला कमी करायचा तर कुणाचा? पुण्याला गेलेल्या मुलांचा? माझ्याशी भांडून दुसऱ्या चर्चमध्ये गेलेल्या थोमसभाऊंचा? कुणी परत येणार नाही, हे मलाही कळतं. तरी हात पेले भरत राहतात, आणि दर महिन्याला ही माती थोडं जास्तच पिते. मुंग्यांना आता जागा ठाऊक झाली आहे. मी बसलो की त्या रांग धरून येतात. वेदीपाशी अशी रांग पाहून वर्षं झाली.

ट्रे रिकामा करून टेबल आवरायला आत गेलो. पांढऱ्या कापडाखाली एक पेला भरलेला तसाच होता. माझा. सगळ्यांना देऊन झालं की पाळकाने शेवटी घ्यायचा असतो. मी विसरलो होतो, आणि तोवर मला काही राहून गेल्यासारखं वाटलंही नव्हतं.

तोही मुंग्यांना नेऊन दिला.