फोटो धुणाऱ्या विमलकाकू

गिऱ्हाइकाला नाव विचारायच्या आधी विमलकाकू विचारायच्या, "ह्यो फोटो कोण बघणार हाय? आन् किती लांबून?"

परभणीच्या बसस्टँडमागे त्यांचा स्टुडिओ होता. फॉर्मवर चिकटवायला फोटो काढून घ्यायला आलेला माणूस या प्रश्नाने गोंधळायचा. मग काकू समजावून सांगायच्या, "खिशात ठिवायचा का भिंतीला लावायचा, एवढं सांगा. त्यापरमानं धुते."

पाटीवर नाव भाऊरावांचं, म्हणजे काकूंच्या यजमानांचं होतं. लग्नात, जत्रेत, शाळेत जाऊन फोटो काढायचे ते. मागच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुऊन ते कागदावर उतरवायचं काम मात्र काकूंचं. त्यात भाऊरावांनी तोंड घातलेलं त्यांना खपायचं नाही. "तुमी बटन दाबा. माणूस कसा दिसल ते मी बघते," असं त्या गिऱ्हाइकांदेखत म्हणायच्या आणि भाऊराव हसून बाहेर चहा सांगायला जायचे.

मी तेव्हा गावातल्या एका साप्ताहिकात काम करत होतो. अंकात छापायच्या फोटोंसाठी माझी त्यांच्याकडे ये-जा असे. फोटोचा कागद मऊ, मध्यम आणि कडक असा मिळतो, हे मला त्यांच्याकडेच कळलं. कडक कागदावर काळं-पांढरं फटकून वेगळं होतं, रेघ न् रेघ उठते. मऊ कागदावर सगळं एकमेकांत मिसळतं. लग्नाच्या मुलींचे फोटो त्या मऊ कागदावर उतरवायच्या आणि फोटो मोठा करायच्या यंत्राच्या भिंगाखाली जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा धरायच्या, म्हणजे रेघा आणखी पुसट व्हायच्या. पेडगावच्या एका आईने मुलीच्या गालावरचा डाग पार काढून टाकायला सांगितला, तेव्हा मात्र त्यांनी नकार दिला. "डाग ऱ्हाईल. फकस्त पाव्हण्यांची नजर आदी तिच्या डोळ्यांवर जाईल, एवढं मी करते. उद्या घरात गेल्यावर डाग दिसणारच हाय की." ती बाई रागावून दुसऱ्या स्टुडिओत गेली. काकूंना त्याचं काही वाटलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. मधूनच बंद पुकारला जायचा आणि एसटी जागच्या जागी थांबायची. अशाच एका बंदच्या दिवशी पालमजवळच्या एका मेंढपाळाचा म्हातारा बाप राणीसावरगावला लेकीकडे निघाला होता. गाडी वाटेत थांबली, लोक उतरून चालू लागले. या म्हाताऱ्याला, रखमाजीला, वर्षभरापासून विसर पडत होता. तो लेकीकडे पोचला नाही आणि घरीही परतला नाही. आठवडा उलटून गेल्यावर त्याचा मेंढपाळ मुलगा धोंडिबा आमच्या कचेरीत आला. बापाचा फोटो छापा म्हणाला. वेगळा फोटो नव्हताच. पुतण्याच्या लग्नात भाऊरावांनी काढलेल्या घोळक्याच्या फोटोत म्हातारा मागे उभा होता, एवढंच.

काकूंनी ती फिल्म शोधून काढली. रखमाजीचं डोकं तिच्यात जोंधळ्याच्या दाण्याएवढं होतं. त्यांनी ते मोठं करून कडक कागदावर उतरवलं. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती चाकूने कोरल्यासारखी उठली. डाव्या कानाची फाटलेली पाळी स्पष्ट दिसत होती.

धोंडिबाने फोटो हातात घेतला आणि त्याचा चेहरा पडला. "काकू, माजा बा असा न्हाई दिसत. ह्यो तर कुनाचा जीव घेऊन आल्यावानी दिसायलाय."

"तुला बघायला न्हाई काढला," काकू म्हणाल्या. "तू तर अंधारातबी वळखशील. ज्यानं तुज्या बापाला कदी बघितलं न्हाई, त्यानं वळखावं म्हनून काढलाय."

त्याने फोटो माझ्या हातात दिला. फोटोवरून छपाईसाठी जस्ताचा ठसा करून आणला, त्याची पहिली छाप मी काकूंना दाखवायला नेली. ती त्यांनी दाराशी उजेडात धरली. आमच्या स्वस्त कागदावर शाई पसरली होती आणि सुरकुत्यांचे नुसते काळे पट्टे झाले होते. कान मागच्या माणसाच्या काळ्या टोपीत मिसळून गेला होता.

"माजं चुकलं," त्या म्हणाल्या. "लय धार लावली. तुमचा कागद शाई पितो, हे ध्यानातच घेतलं न्हाई."

ठसा पुन्हा करायचा तर अंक एक दिवस लांबणार होता. आमचे संपादक कुरकुरले, पण तयार झाले. काकूंनी या वेळी मध्यम कागद घेतला. कागदावर उजेड सोडताना कानामागच्या जागेवर बोटाची सावली धरली, म्हणजे तिथलं काळं फिकं पडेल आणि कान सुटा दिसेल. तीन-चार कागद वाया गेले. शेवटचा त्यांनी भिंतीला टेकवला, दाराशी जाऊन डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाल्या, "आता घेऊन जा."

अंक निघाला. पूर्णा स्टेशनवर पेरू विकणारी एक बाई एका अबोल म्हाताऱ्याला रोज भाकरी द्यायची. तिथल्या हमालाने चहाच्या टपरीवर आमचा अंक पाहिला, तो उचलून तिच्याकडे नेला आणि दोघांनी मिळून म्हाताऱ्याचा कान पाहिला. कचेरीत निरोप आला आणि दोन दिवसांनी धोंडिबा बापाला घेऊन सरळ स्टुडिओत आला. काकूंनी म्हाताऱ्याला अंक दाखवला.

"ह्यो कोन?" रखमाजीने विचारलं.

"तुमीच की, मामा."

त्याने पुन्हा पाहिलं. "बिच्चारा लय थकलाय," म्हणाला आणि चहा पिऊ लागला. धोंडिबा उठून बाहेर गेला. बराच वेळ तो दाराकडे पाठ करून उभा होता. काकूंनी त्याला हाक मारली नाही.

पुढे मी नोकरीसाठी लातूरला गेलो. गावात रंगीत फोटोंचं मशीन आलं आणि काकूंच्या खोलीतला लाल दिवा बंद झाला. एकदा परभणीला आलो असताना त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनला त्या तयार नाहीत, अशी भाऊरावांची तक्रार होती.

"ऱ्हाऊ दे की थोडे दिस," काकू मला म्हणाल्या. "जलमभर समद्यांच्या सुरकुत्या बघितल्या. आता समदी माणसं मऊ दिसायलीत. बरं वाटायलंय."

अखेर भाऊरावांनी त्यांना राजी केलं. पट्टी सोडायच्या दिवशी मीही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी कापूस काढला. काकूंनी डोळे मिचकावले, खिडकीकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या भाऊरावांकडे पाहिलं. बघतच राहिल्या. नंतर हात पुढे करून भाऊरावांच्या गालावरून बोटं फिरवली.

"अवो, लय म्हातारे झालात की," त्या हळूच म्हणाल्या. "मला सांगितलं न्हाई ते."