मोहरीएवढं सोनं

मला एका जागी बसता येत नाही. ही काही कौतुकाने सांगायची गोष्ट नाही, तिच्यापायी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. बाबा पाटबंधारे खात्यात होते. संध्याकाळी घरी येऊन चहाचा कप हातात घेतला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, जरा बूड टेकव की." आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, कुठे जाऊन थांबणार देव जाणे. थांबले कुठेच नाही. पुण्यातून बंगळुरू, तिथून नागोया, नागोयाहून तोक्यो. नवराही असा मिळाला की आठवडाभर कंपनीच्या कामाला नागोयात आणि शनिवार-रविवार तोक्योत, निशी-कसाईच्या आमच्या घरी. आमच्या घरात कोणीतरी कायम बॅग भरत असतं.

मला सोनं शोधायचा नाद लागला तो याच बसता न येण्यामुळे. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दाराबाहेर चिखलाचे गमबूट वाळत असायचे. एकदा न राहवून विचारलं, शेती करता का? त्या म्हणाल्या, नाही, नदीत सोनं शोधते. मला वाटलं, माझं जपानी कच्चं आहे. पुढच्याच रविवारी त्यांच्या छोट्या गाडीतून मी वर डोंगरात गेले.

आमच्या घरामागच्या बांधापलीकडून वाहते तीच अराकावा नदी, पण तिथे वर ती ओळखू येत नाही. इथे ती रुंद, सुस्त, करड्या रंगाची. तिथे खडकांतून उड्या मारत येते. आणि तिच्या वाळूत सोनं असतं, अगदी थोडं, पिठासारखं. कोणी श्रीमंत होत नाही. दिवसभर कंबर मोडायची आणि संध्याकाळी नखावर मावेल एवढी धूळ घेऊन घरी यायचं. पूर आला की डोंगर धुतला जातो, नवी वाळू खाली येते, म्हणून वादळानंतर पाणी उतरलं की सगळे हौशी लोक नदीकडे धावतात. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

पहिल्या खेपेला मी स्वयंपाकघरातली स्टीलची परात घेऊन गेले. वाळू चाळायची म्हणजे तांदूळ रोळण्यासारखंच की, आईला करताना हजारदा पाहिलंय, खडे तळाला, तांदूळ वर. मोठ्या दिमाखात परात पाण्यात बुडवली, गोल फिरवली, आणि बाईंनी एकदम माझं मनगट धरलं. पाण्यावर सोन्याचे दोन-तीन चकचकीत ठिपके तरंगत होते आणि बघता बघता वाहून गेले. त्या परातीत मी वर्षानुवर्षं तेल घालून कणीक मळत आले होते. तेलकट भांड्यात सोनं बुडत नाही, वर येतं आणि निघून जातं. बाई इतक्या हसल्या की त्यांना खडकावर बसावं लागलं. तेव्हापासून माझी वेगळी हिरवी प्लास्टिकची थाळी आहे.

हा किस्सा मी बाबांना फोनवर सांगितला आणि तिथेच ते या खेळात शिरले. मी पोटापाण्यासाठी काय करते ते त्यांना कधी नीट कळलं नाही, पण नदी कळत होती. मी नदीचे फोटो पाठवायचे आणि ते आवाज रेकॉर्ड करून उत्तर द्यायचे. "बाहेरच्या वळणाला काय करतेस? तिथे पाणी जोरात असतं, काही टिकत नाही. आतल्या बाजूला बघ. मोठ्या दगडाच्या मागे बघ. जड वस्तू तिथेच दम खाते." मी काही सापडल्याचा फोटो पाठवला की मात्र हिरमुसायचे. धूळ फोटोत दिसायची नाही. "आहे का गं नक्की? का काळी वाळू दाखवून मला खुळं बनवतेस?" त्यांना एक तरी कण असा हवा होता, जो चष्मा न लावता दिसेल. मोहरीएवढा चालेल म्हणाले. दरवर्षी वादळांचे दिवस आले की माझ्याआधी तेच हवामानाच्या बातम्या बघायचे. जपानवर वादळ येतंय म्हणून पुण्यात खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी वादळ आलं तेव्हा ते रुग्णालयात होते. छातीत दुखलं, तपासण्या झाल्या, बायपास करायची ठरली, सोमवारी. मी शुक्रवारच्या विमानाचं तिकीट काढलं. गुरुवारी वादळ येऊन धडकलं आणि शुक्रवारची विमानं रद्द झाली. पुढची सगळी भरलेली. महत्प्रयासाने मंगळवारची जागा मिळाली. म्हणजे बाबांची छाती उघडतील तेव्हा मी निशी-कसाईत असणार होते. नवरा नागोयात अडकलेला, गाड्या बंद. त्याने फोनवर मला तेच सांगितलं, जे मला कधीच जमलेलं नाही. शांत बस.

मी घर पुसलं. पुसलेलं घर पुन्हा पुसलं. कचऱ्याची प्लास्टिकची पिशवी उघडून बाटल्यांची झाकणं वेगळी केली. बांधावर जाऊन आले. खाली मुलांची बेसबॉलची मैदानं पाण्याखाली होती आणि झाडांचे ओंडके समुद्राकडे चालले होते. शनिवारी बाबांशी बोलले. त्यांच्या आवाजाला धाप होती, पण पहिला प्रश्न हाच, "पाणी उतरलं का?"

"बाबा, आत्ता ते महत्त्वाचं आहे का?"

"मग काय महत्त्वाचं आहे? मी इथे झोपलोय. तू तिथे येरझाऱ्या घालणार. त्यापेक्षा नदी बघून ये."

रविवारी बाई आणि मी गेलो. पाणी अजून गढूळ होतं, त्यांनी मला आत पाऊल टाकू दिलं नाही. आम्ही काठावरच्या खडकांच्या भेगा चमच्याने खरवडत बसलो. मी काय करतेय याकडे माझं लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळाने मोबाइल काढत होते, पुण्यात आता नाश्ता झाला असेल, आता डॉक्टर येऊन गेले असतील. एका मोठ्या दगडाच्या मागची भेग उकरली, चिखल थाळीत घेतला आणि सवयीने फिरवायला लागले. माती गेली, वाळू गेली, काळी वाळू उरली. तिच्यात तो बसला होता. पिवळा, गुबगुबीत, मोहरीएवढा. थाळी हलवली तरी तो जागचा हलेना.

मी किंचाळले. बाई धावत आल्या, आणि बघून त्यांनी नदीकडे वळून मान लववली. मी कण होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ठेवला, पाणी भरलं, फोटो काढला आणि तिथूनच बाबांना पाठवला.

बाबांचा फोन आईच्या हातात होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

घरी पोचेपर्यंत तिचे चार फोन येऊन गेले होते. मला वाटलं, काहीतरी झालं. पाचवा उचलल्यावर ती एवढंच म्हणाली, "ते आधी टाकून दे."

सोनं हरवू नये आणि सापडूही नये, हे मी तिच्याकडून लहानपणापासून ऐकत आले होते. एकदा लग्नाच्या हॉलमध्ये तिला कोणाचं तरी कानातलं मिळालं होतं. मालकीण सापडेना, तेव्हा तिने ते घरी न आणता परस्पर देवीच्या पेटीत टाकलं आणि मग रिक्षात बसली. मी आणि बाबा यावरून तिची टिंगल करायचो. त्या संध्याकाळी मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आई, हे कोणाचं हरवलेलं नाही, नदीचं आहे, बाबांनीच मला पाठवलं, त्यांना हे किती दिवस हवं होतं तुला माहीत आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "उद्या त्यांची छाती उघडणार आहेत. मला तुझ्याशी वाद घालता येत नाही गं. टाक."

तिचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. "त्यांना दाखवलंस का?" मी विचारलं. नाही म्हणाली, आणि दाखवणारही नाही.

सोमवारी सकाळी मी पुलावर गेले. खाली अराकावा अजून गढूळच होती. मला राग आला होता, आईचा, वादळाचा, विमान कंपनीचा, त्या कणाचाही. हा एवढे दिवस दडून बसला आणि नेमका आजच्यासाठी हाती लागला! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आईसाठी टाकलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी घाबरले होते. बाटलीचं बूच उघडून हात कठड्याबाहेर नेला आणि पालथा केला. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. शेजारच्या पुलावरून आमची तोझाई लाइनची गाडी खडखडत ऑफिसला जाणाऱ्या माणसांना घेऊन गेली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आई फोनवर रडली, मी जमिनीवर बसून रडले, आणि बुधवारी मी पुण्यात पोचले.

बाबांना आयसीयूतून खोलीत आणलं तेव्हा ते इतके लहान दिसत होते की मी चादरच सारखी करत राहिले. डोळे उघडल्यावर मला बघून म्हणाले, "काही लागलं का हाताला?"

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीशी फुलपात्रं विसळत होती. मी म्हटलं, "लागलं होतं. मोहरीएवढं. टाकलं."

"का?"

"मी सांगितलं," आई पाठमोरीच म्हणाली.

बाबांनी मान उशीवर टेकवली. त्यांना आता रागवायचीही ताकद नव्हती, ते बघवेना. मग म्हणाले, "फोटो तरी?" मी मोबाइल दाखवला. ते चष्मा न लावता बघत राहिले. मग बोट पुढे करून पडद्यावर त्या कणाला हळूच हात लावला, आणि कण मोठा झाला. "अगं, दिसतोय की," ते म्हणाले. आई फुलपात्रं तशीच ठेवून बाहेर गेली.

पुढचे सगळे दिवस मी त्यांच्या पलंगाशेजारी बसून काढले. रुग्णालयात, मग घरी. कुठे गेले नाही, कोणाला भेटले नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन काम केलं, त्यांना हाताला धरून दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत चालवलं, परत आणलं. एकदा त्यांना म्हटलं, मी आता परत जात नाही, नवऱ्याशी बोलते, इथूनच काम बघते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "तू एवढा वेळ एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही."

"तुम्हीच म्हणायचात ना, बूड टेकव."

"म्हणायचो. पण तू अशी बसलीस की वाटतं, माझं काही खरं नाही."

मी हसले, पण ते हसत नव्हते. मग त्यांनीच माझं तिकीट काढायला लावलं.

निघायच्या दिवशी आईने बॅगेत मेतकूट भरलं, चिवडा भरला, आणि सगळ्यात शेवटी तिची छोटी चांदीची डबी आणून दिली. आत कापूस घातला होता, मधोमध मोहरीएवढी जागा ठेवून. "राहू दे तुझ्याजवळ," म्हणाली. डबीच्या कडेला कुंकू लागलेलं होतं, ते मी पुसलं नाही.

बाबा जिना उतरू शकत नव्हते. खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, तसे ते दारापर्यंत आले, एक हात छातीवर आणि एक चौकटीवर. "वादळ आलं की लगेच धावू नकोस," ते म्हणाले. "पाणी उतरू दे. आतल्या वळणाला बघ. सापडलं की आधी मला फोन कर, मी आहे. जा आता."

आयुष्यभर त्यांनी मला बस म्हटलं होतं आणि मी पळत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते जा म्हणाले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, मी बॅग उचलून उंबऱ्यात उभी होते, आणि माझा पाय निघेना.