टाकीची नळी

ऐकू जाईल अशा आवाजात हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

रोह्याला, नदीवरच्या अष्टमीच्या पुलाजवळ, एका शेठची सहलीची बोट होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे देखरेखीला लागलो. बोटीवर संडास, त्याखाली मैल्याची टाकी. ती सांभाळायचा काशिनाथ — पेणच्या खाडीकडचा, पूर्वी मिठागरात राबलेला. पहिल्याच दिवशी त्याने मला शिकवलं होतं, "मास्तर, टाकीला वारा लागतो. ही नळी मोकळी असली की वास नाय. बुजवलीत, तर आतल्या आत सडते नि फुगते."

मग एका हंगामाच्या शुभारंभाला कोणी साहेब येणार होते. हार, सनई, लाल गालिचा — तोही संडासाच्या दारापर्यंत. प्रगतीची वाट म्हणतात ती हीच, असं मी मनात म्हटलं. आणि नळीचं तोंड साहेबांच्या खुर्चीमागेच येतं, वास नको म्हणून त्यात माझा रुमाल कोंबला. मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

सकाळभर पाहुणे आत जात होते, संडासाचा हातपंप मारून पाणी सोडत होते. भाषणं चालू असताना खाली काहीतरी गुरगुरलं. काशिनाथ धावला, डेकवरचं टाकीचं झाकण त्याने फिरवलं — आणि आतला मैला उसळून वर आला. त्याच्या तोंडावर, गालिच्यावर, साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर.

शेठने केसांना धरून त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. मग शेठची माणसं — लाथा, बांबू. तोंडात रक्त, तरी तो एकच म्हणत होता, "शेठ, नळी बगा... नळी..."

कोणी बघितली असती तर? आत माझा चौकडीचा रुमाल, सगळ्यांच्या ओळखीचा.

मी पुढे झालो आणि त्याच्या उजव्या कानाखाली मारली. शाळेत मारायचो तशी नाही — सगळी ताकद लावून. कानातून रक्त आलं. तो गप्प झाला. शेठ मला म्हणाले, "शाब्बास, मास्तर."

गर्दी पांगल्यावर रुमाल मीच काढला, पाण्यात टाकला. काशिनाथला त्याच दिवशी हाकललं.

आता तो पेणच्या बाजारात सुकी मासळी विकतो. दिसलो की विचारतो, "बरा हाय ना, मास्तर?" उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. मी त्याला दोनदा सगळं खरं सांगितलं आहे — हळू आवाजात, त्याच बाजूला उभा राहून.