रिजेक्ट न झालेलं कणीस

बोईसरच्या बाजारात भाजी मिळते ही गोष्ट अख्ख्या जगाने मान्य केली आहे, फक्त आमच्या साडूभाऊंनी केलेली नाही. त्यांच्या मते बाजारात मिळतो तो भाजीचा फोटो. भाजी असते झाडावर, वेलावर, मातीत, आणि तिथे जाऊन स्वतःच्या हाताने तोडून आणली तरच ती भाजी. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली आणि हजारो निर्दोष वस्तूंवर लाल खूण करून सन्मानाने निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं खेळवतात, गेला बाजार सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. साडूभाऊंनी दर रविवारी मला घेऊन लोकांच्या शेतात शिरायचं व्रत घेतलं. त्यातलं 'मला घेऊन' एवढं कशासाठी, ते मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "पिशव्या धरायला माणूस नको?"

रविवारी सकाळी सहाला आमच्या इमारतीखाली त्यांच्या स्कूटरचा हॉर्न वाजतो. एक लांब, दोन आखूड. पहिल्या मजल्यावरचे काका आता घड्याळ त्यावर लावतात. मी उशीत तोंड खुपसून पडून राहायचे सगळे प्रयोग केले आहेत, पण हॉर्न थांबत नाही, आणि चौथ्या हॉर्नला बायको म्हणते, "जा हो, भाऊजी किती वेळ उभे राहणार?" मी किती वेळ झोपणार, हा प्रश्न तिला कधी पडलेला नाही. खाली साडूभाऊ कारखान्यातले जुने गमबूट घालून, चार कापडी पिशव्या गळ्यात अडकवून तयार असतात. डिकीत विळा, पाण्याची बाटली आणि तिखटमिठाची एक डबी. ती डबी जागेवर चव बघण्यासाठी. नमुना तपासल्याशिवाय माल उचलायचा नाही, ही नोकरीतली सवय त्यांनी घरी येताना सोबत आणली आहे.

कुठल्या महिन्यात कुठे जायचं हे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्याच कॅलेंडरवर गॅसची तारीख लिहायला जाते आणि तिथे 'वालाच्या शेंगा' लिहिलेलं बघून परत येते. थंडीत वाल, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, श्रावणात काकडी आणि मका. एकदा माकुणसारच्या एका वाडीत चिकू काढायला गेलो होतो. वाडीवाल्याने सरळ काठीला जाळी बांधून दिली. साडूभाऊ म्हणाले, जाळीने काढलेलं फळ आपण काढलं असं कसं म्हणायचं? आणि साठी उलटलेला हा गृहस्थ गमबुटांसकट झाडावर चढला. वर मुंगळे होते. त्यांनी आपलं काम चोख केलं, तरी हे उतरेनात. वर बसूनच एक चिकू पुसला आणि चावला. वाडीवाला खालून ओरडला, "काका, तो खाऊ नका! चिकू उतरवून पिकवायला लागतो, झाडावर कोनी खातं काय?" तोवर चीक ओठांना लागला होता. बोईसर येईपर्यंत साडूभाऊंचं तोंड उघडलं नाही. आमच्या सगळ्या रविवारांतला तो सर्वांत सुखाचा रविवार.

भाजीपुरतंच हे वेड असतं तरी मी सोसलं असतं. सातपाटीला मासळी घ्यायला गेलो तेव्हा टोपलीतल्या पापलेटाकडे बघून त्यांनी विकणाऱ्या कोळीण मावशींना विचारलं, "आम्हाला होडीतून नेऊन स्वतः पकडू देतील का कुणी?" मावशींनी त्यांना गमबुटांपासून टकलापर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, "होडी कशाला? उतर असाच दर्यात. मी हितं टोपली धरून बसते." आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. साडूभाऊ मात्र खरंच पाण्याकडे बघत होते.

पण त्यांचा खरा जीव मक्यात. उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तिथे जानीबायचं घर. पावसावरची थोडी भातशेती, दारापुढच्या मांडवावर काकडीचा वेल आणि घराला वळसा घालून मका. घरात ती, तिचा नवरा आणि म्हातारा सासरा. काही वर्षांपूर्वी साडूभाऊंनी रस्त्यावरून तो मका पाहिला आणि स्कूटर अशी थांबवली की मी पिशव्यांसकट त्यांच्या पाठीवर आदळलो. "आम्ही आमच्या हाताने तोडू का?" त्यांनी विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, बहुधा यांच्यासोबत घरचं शहाणं माणूस कोण आहे ते बघायला. मग म्हणाली, "तोडा. माजी रस्त्यावर बसायची मेहनत वाचली."

आणि मग दर श्रावणात तिथे दोन परीक्षकांची जुगलबंदी सुरू झाली. साडूभाऊंची पद्धत कारखान्याची. आधी कणसाचे केस बघायचे, पुरते तपकिरी झाले का. मग शेंड्याशी साल थोडं सोलायचं, एका दाण्यात नख रोवायचं. पांढरं दूध आलं तर पास. पाणी आलं तर कोवळं, काहीच आलं नाही तर जून. "रिजेक्ट!" ते ओरडायचे, आणि साल उघडलेलं कणीस झाडावर तसंच सोडून पुढे सरकायचे. जानीबाय मागून येऊन कपाळावर हात मारायची. "अरं दादा, उघडं टाकलं तं पाखरं खातील ना! साल नको उघडू, नुसतं दाब." ती वरूनच दोन बोटांनी दाबायची आणि सांगायची, हे आज, हे परवा, हे पुढच्या रविवारी. साडूभाऊ हट्टाने तिचं 'आज' सोलून बघायचे. दूध निघायचं. तिचं एकही कणीस त्यांना रिजेक्ट करता आलं नाही. घरी मात्र चाळीस कणसं यायची. बायको उकडायची, किसायची, भजी करायची, मग शेजारी वाटायची. शेजारी आमच्याकडे बघून दार लावू लागले होते.

त्या वर्षी पाऊस लवकर स्थिरावला आणि मका लवकर भरला. हॉर्न सहाऐवजी साडेपाचला वाजला. आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा जानीबाय गवत आणायला गेली होती, घरात हालचाल नव्हती. मी म्हटलं, थांबू या. साडूभाऊ म्हणाले, "आपण काय परके आहोत?" आणि शिरले. सगळ्यांत पहिलं भरलेलं कणीस त्यांनी तोडलं, सोललं, वर तिखटमीठ भुरभुरवलं आणि कच्चंच खाल्लं. अर्धं मोडून मला दिलं. मी भुकेलेला होतो. खोटं कशाला सांगू, इतकं गोड कणीस मी आजवर खाल्लेलं नाही.

जानीबाय डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. आमच्या हातात सोललेलं कणीस बघून जागीच उभी राहिली. भारा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"नवं नाय झालं अजून," ती म्हणाली.

आम्हाला कळेना. तेवढ्यात तिचा सासरा काठी टेकत दारात आला, आमच्याकडे बघितलं आणि आत वळला. मग तिने सांगितलं. नवीन पिकातलं पहिलं कणीस म्हातारा देवाला आणि घराण्याच्या पितरांना वाढतो. त्याला ते नवं म्हणतात. एरवी आम्ही यायच्या आधीच ते होऊन गेलेलं असायचं. ते होईपर्यंत घरातलं कुणी नवीन मक्याला तोंड लावत नाही. म्हातारा रोज सकाळी दारातून कणसं बघत होता आणि थांबला होता. "आमी कोनी चाखलं नाय. तुमी चाखलं. आता येऊ नका." आवाज चढवला असता तरी बरं वाटलं असतं. ती साधंच बोलली.

पुढच्या रविवारी हॉर्न वाजला नाही. मी नऊपर्यंत झोपलो, पोहे खाल्ले, पेपर वाचला. त्याच्या पुढच्या रविवारी सहाला आपोआप जाग आली आणि मी चरफडत पडून राहिलो. इतकी वर्षं या माणसाने मला झोपू दिलं नाही, आता गप्प बसला तरी झोपू देईना. दुपारी अक्काचा फोन आला. आवाजात घाबरेपणा होता. "अहो, हे बाजारातून भेंडी घेऊन आले."

मी तसाच निघालो. साडूभाऊ गॅलरीत बसले होते, गमबूट धुऊन वाळत ठेवलेले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "आमच्यातही होतं हो हे. वडील पहिलं कणीस म्हसोबाला ठेवायचे. मी सात-आठ वर्षांचा असताना आधीच एक चोरून खाल्लं, तर त्यांनी मला दिवसभर बांधावर उभं केलं होतं." मग वाळत ठेवलेले बूट उगाच सरळ केले. "नोकरीला इकडे आलो, जमीन भावांकडे राहिली. मी कधी हिस्सा मागितला नाही. म्हटलं, आपण कुठे जाऊन करणार. पण स्वतःच्या हाताने तोडायची सवय जाईना. आणि तोडायचं लक्षात राहिलं, थांबायचं विसरलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी माया वाटली, की मी म्हटलं, "उठा. बूट घाला."

पाड्यावर त्या दिवशी ते आत शिरले नाहीत. बांधावर उभे राहिले, नारळ हातात धरून, सातारच्या त्या मुलासारखे. मीही शेजारी उभा राहिलो, कारण अर्धं कणीस माझ्याही पोटात गेलं होतं. जानीबायने आम्हाला पाहिलं आणि कामाला लागली. ऊन कललं, एक सर येऊन गेली, आम्ही भिजलो. शेवटी म्हातारा बाहेर आला.

"मी चुकलो, बाबा," साडूभाऊ म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "तू सगल्यांच्या आदी खाल्लंस," तो म्हणाला. "आता सगल्यांच्या मागनं खाशील. बुधवारी नवं हाय. ये. आनि झाडाला हात नाय लावायचा. देऊ ते खायचं." मग माझ्याकडे काठी दाखवली. "तू पन."

बुधवारी मी रजा टाकून गेलो. कसलं कारण सांगितलं ते विचारू नका. म्हाताऱ्याने आतल्या कोपऱ्यात दिवा लावला, कणसं ठेवली, पितरांची नावं घेतली. मग घरच्यांनी खाल्लं, भावकीने खाल्लं, शेजारपाजारच्यांनी खाल्लं. आम्ही दोघं ओट्यावर हात मांडीत घेऊन बसलो होतो. सगळ्यांत शेवटी जानीबायने निखाऱ्यावरची दोन कणसं आणून आमच्या हातात ठेवली. चांगली उरली नव्हती. दाणे जून झालेले, एका बाजूला करपलेले. मी साडूभाऊंकडे पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर सगळं रिजेक्ट केलं, त्याने ते कणीस दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि एक दाणा न ठेवता खाल्लं. जानीबाय उभी राहून बघत होती.

"कसं हाय?" तिने विचारलं.

"पास," साडूभाऊ म्हणाले. ती पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून श्रावणातला हॉर्न तिच्या फोनवर अवलंबून असतो. नवं झालं की ती कळवते आणि दुसऱ्या दिवशी, मग तो कुठलाही वार असो, पहाटे माझी झोपमोड होते. नवं होईपर्यंत साडूभाऊ मका खात नाहीत. त्यांच्या घरातही कुणाला खाऊ देत नाहीत, आणि आमच्या घरातही. माझ्या बायकोने मागच्या वर्षी डब्यातले गोठवलेले दाणे आणले तर फ्रीज उघडून त्यांनी डबा शेजाऱ्यांना देऊन टाकला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

या वर्षी फोन आलेला नाही. साडूभाऊंनीच केला तेव्हा कळलं, म्हाताऱ्याला पालघरला दवाखान्यात ठेवलं आहे. "घरी आला का नवं करू," जानीबाय म्हणाली. मका केव्हाच भरलाय, रस्त्यावरून दिसतो. साडूभाऊ दर रविवारी सहाला येतात, पण हॉर्न वाजवत नाहीत. वर येऊन आमच्या गॅलरीत बसतात, घडी घातलेल्या पिशव्या मांडीवर ठेवून, फोन समोर ठेवून. मी चहा देतो. परवा मी म्हटलं, "साडूभाऊ, आता दोन दिवसांत तोडला नाही तर सगळा जून होईल." त्यांच्याच तोंडची भाषा होती ती.

"होऊ दे जून," ते म्हणाले. "म्हातारा येऊ दे."

काल बाजारातून येत होतो. हातगाडीवर हिरवीगार कणसं रचलेली होती, निखारे पेटलेले, वर लिंबू. गाडीवाला म्हणाला, "ले लो साहब, एकदम ताजा है." मी नकळत एक कणीस उचललं आणि वरूनच दोन बोटांनी दाबलं. ना कोवळं, ना जून, भरलेलं होतं, अगदी पास. मी ते जागेवर ठेवलं आणि घरी आलो.