गोल दिव्यांची गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती माझ्या मोबाईलमधलं सगळं वाचते असा तिचा दावा आहे! सांगायला बसलो की गाडी दुसरीकडेच वळते – हवामान, केळीचे भाव, गुडघे. आजही वळेल बहुतेक. तुम्ही जरा धीर धरा.

आधी छंदाबद्दल सांगतो. मी आगाशीचा. घरची वाडी आहे, नोकरी विम्याच्या कचेरीत केली, आणि जीव लावला जुन्या गाड्यांना. वसई-विरारमधल्या आमच्यासारख्या वेड्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी आम्ही राजोडीच्या सुरूच्या बनात जमतो. गाड्या थोड्या, माणसं जास्त. माझी पद्मिनी ढकलत का होईना, पण येते. बाकीच्या दिवशी गप्पा मोबाईलवर. तिथे मी जाणता माणूस. कोणत्या गाडीला कोणता आरसा, कोणत्या साली कोणती जाळी, हे विचारायचं तर सुधीरकाकांना. मला ते आवडायचं. फार आवडायचं – हे आत्ताच सांगून टाकतो, पुढे उपयोगी पडेल.

आणि माझी सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे एक जुनी अमेरिकन मसल कार. नाव घेत नाही, नाव घेतलं की ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही होत नाही. दोन दारं, लांबलचक बोनेट, पेट्रोल पाण्यासारखं पिणारं इंजिन. ती मी कधी पाहिली का? प्रत्यक्ष? नाही. आमच्यापैकी कुणीच नाही. माझ्याकडे आहे ते तिचं वीतभर लांबीचं मॉडेल, शोकेसमध्ये, काचेमागे.

ते मॉडेलही मुळात माझं नाही. पापडीचा पास्कू माझ्या वर्गातला, एका बाकावरचा. त्याचा मामा बोटीवर होता, त्याने परदेशातून ही गाडी आणली होती. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या हातून पायरीवर पडली आणि तिचा मागचा भाग फुटला. पास्कूने घरी सांगितलं, ‘माझ्याच हातून पडली.’ मार त्याने खाल्ला. मग बहिणीच्या फ्रॉकची दोन लाल बटणं काढून, सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्युशन लावून, त्याने मागे दिवे बसवले. पुढे मला कावीळ झाली, मी महिनाभर अंथरुणावर होतो, तेव्हा ती गाडी माझ्या उशाशी आणून ठेवली आणि परत मागितलीच नाही. अशी माणसं आयुष्यात भेटतात, आणि आपण काय करतो?

पास्कूची मुलगी ग्लेंडा. लहानपणी आमच्याकडे आली की शोकेससमोर उभी राहायची. मोठी होऊन गाड्यांची चित्रं काढायचंच शिकली. चार-पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिने ग्रुपवर एक चित्र टाकलं – आपली तीच गाडी, पण आज नव्याने बनवली तर कशी दिसेल, अशी तिची कल्पना. बोनेट आखूड, अंग सडपातळ, विजेवर चालणारी. मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची एक लाल पट्टी.

काय गलका झाला म्हणून सांगू! कुणी म्हणालं, पोस्टर करून भिंतीवर लावतो. कुणी विचारलं, ॲव्हरेज काय देईल? नाळ्याच्या एका वाडीवाल्याने डिकीत केळीची क्रेट किती बसतील याची चौकशी केली. तुळिंजचा एक तरुण, जो स्वतः स्कूटरवर येतो, त्याने लिहिलं की इतकं सुंदर काही या ग्रुपवर आजवर आलेलं नाही. आणि मी? मी नुसता बघत बसलो. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. तिनेही आधी मला दाखवलं नव्हतं. माझ्या गाडीला कुणीतरी न विचारता हात लावला, असं मला वाटलं. माझी गाडी – कसली माझी? तिच्या बापाने दिलेली.

माझं एक खोटं खातं होतं. एका ओळखीच्या विक्रेत्याकडून कार्बोरेटर घ्यायचा होता, त्याला कळू नये म्हणून काढलेलं. नाव ‘अस्सल चालक’. मी खऱ्या नावाने चित्राखाली लिहिलं, ‘छान बेटा’. मग ‘अस्सल चालक’ होऊन लिहिलं की ही मसल कार नाही, स्वयंपाकघरातला मिक्सर आहे. आणि जिला मूळ गाडीचे दिवे गोल असतात एवढंही ठाऊक नाही, तिने या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

झालं. लोकांना मिक्सर सापडला. ज्यांनी पोस्टर लावायचं ठरवलं होतं तेच आता चटणीची भांडी किती मिळणार ते विचारू लागले. तुळिंजच्या त्या तरुणाने मूळ गाडीचा फोटो टाकला – मागे दिव्यांची लांब सरळ पट्टी, ग्लेंडाने काढली होती अगदी तशी. मी फोटो पाहिला. बटणं आहेत हे मला माहीत होतंच, पण मूळचे दिवेही गोलच असणार, म्हणून पास्कूने गोल बटणं लावली, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, ताडून कधी पाहिलंच नव्हतं. आता तरी गप्प बसायचं की नाही? मी लिहिलं, ‘हे नंतरचं मॉडेल.’ आमच्यात हे ब्रह्मास्त्र आहे. चुकलात की म्हणायचं, नंतरचं मॉडेल. सगळ्यांनी मान डोलावली.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस हाच वाटायचा, कारण खरा त्याच्यामागे लपवता यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लेंडा घरी आली. आईने दिलेला डबा ओटीवर ठेवला आणि शोकेसकडे पाठ करून बसली. डोळे सुजलेले होते. पुण्याच्या एका डिझाईन स्टुडिओत जागा होती, हेच चित्र पाठवायचं तिने ठरवलं होतं, आणि मुदत त्याच दिवसाची. लोक काय बोलतात ते बोलू देत, म्हणाली, पण तुम्ही ही गाडी लहानपणापासून ओळखता.

‘‘काका, खरं सांगा. मागचे दिवे चुकले का? पाठवू की नको?’’

मला माहीत होतं. त्या क्षणी मला पक्कं माहीत होतं की दिवे बरोबर आहेत. ‘पाठव’ म्हणायला किती श्वास लागतो हो? पण पाठव म्हटलं तर ‘अस्सल चालक’ खोटा ठरतो, आणि तो खोटा ठरला तर – कुणाला काय कळणार होतं? कुणालाच नाही. तरीही मी म्हणालो, ‘‘या वेळी राहू दे. घाई नको.’’

तिने मान हलवली. जाताना माझ्या पाया पडली. त्यांच्यात ही पद्धत नाही, आमच्या घरी ये-जा करून तिने उचललेली. उठताना तिची नजर शोकेसवर गेली आणि जरा थांबली. मग ती गेली. चित्र तिने ग्रुपवरून काढून टाकलं, पुण्याला पाठवलं नाही. पुढचं वर्षभर ती नालासोपाऱ्याच्या एका फर्निचरवाल्याकडे स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची चित्रं काढत होती. मिक्सर कुठे ठेवायचा, हेसुद्धा त्यात असणारच ना? हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणू का? सुचलं होतं.

त्याच आठवड्यात पास्कू आला, केळीची पानं न्यायला. पानं कापून झाली, चहा झाला. मग त्याने उठून शोकेस उघडली, गाडी उलटी धरली, मागची बटणं अंगठ्याने एकेक दाबून पाहिली.

‘‘घट्ट आहेत रे अजून, सुध्या,’’ एवढंच म्हणाला.

गाडी जागेवर ठेवली, काच लावली, पानांचा भारा स्कूटरला बांधला. मला त्याने काही विचारलं नाही. विचारायचं तरी काय? ग्रुपवर कुणी काय लिहिलं ते ग्लेंडाने घरी सांगितलं असणारच. या गाडीला गोल दिवे असतात असं मानणारा माणूस साऱ्या जगात एकच असू शकतो, आणि ते दिवे बसवणारा त्याच्यासमोर उभा होता. त्या नाताळात मी पापडीला जाऊ की नको, असं करत होतो, तर त्याचाच फोन, अजून निघाला कसा नाहीस म्हणून. फराळाची पहिली प्लेट मलाच दिली, दरवर्षीप्रमाणे. आजही देतो. लहानपणी त्याने माझ्यासाठी एकदा मार खाल्ला होता. म्हातारपणीही त्याने माझं झाकलं, पण या वेळी मार लागला तो त्याच्या मुलीला. तरी त्या घराचं दार मला कधी बंद झालं नाही. हे ऋण मी रोज आठवतो. मला त्याचा अभिमानही वाटतो, लाजही, आणि सगळ्यात जास्त बरं वाटतं की पास्कू मला भेटला.

ग्लेंडा आता पुण्यात आहे. त्याच्या पुढल्या वर्षी दुसरं चित्र पाठवून तिने जागा मिळवली. म्हणून माझं पाप धुतलं गेलं असं नाही. ते एक वर्ष तिचं होतं, मी घेतलं.

आता या आठवड्यातली गोष्ट. तिने ग्रुपवर पुन्हा तीच गाडी टाकली आहे, नव्याने काढलेली. बोनेट आखूड, अंग सडपातळ, विजेवरच. फक्त मागे पट्टीऐवजी दोन गोल लाल दिवे. मी चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं. प्रत्येक दिव्यात चार बारीक भोकं आहेत, बटणाला असतात तशी. खाली लिहिलंय, ‘मूळ गाडीला असे दिवे नव्हते. आगाशीच्या एका गाडीला आहेत. ज्यांनी ती इतकी सांभाळली, त्यांच्यासाठी.’

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. कधीपासून? ओटीवरून उठताना नजर थांबली तेव्हापासून? आणि मग दर नाताळात ती माझ्या पानात आणखी एक करंजी वाढत होती, ते सगळं ठाऊक असून?

ग्रुप अर्थातच तुटून पडलाय. दिवे साफ चुकले म्हणतात. तुळिंजच्या त्या तरुणाने पुन्हा तोच फोटो टाकलाय, पट्टीचा. ‘अस्सल चालक’ कुठे गेला, त्याला बोलवा, असंही एकाने लिहिलंय. ती कुणालाच उत्तर देत नाही.

गाडी मी शोकेसमधून काढून टेबलावर ठेवली आहे, आणि हे सगळं, आहे तसंच, आता तिच्या चित्राखाली माझ्या नावाने टाकतो आहे. ‘अस्सल चालक’ मी. ‘मिक्सर’ माझा शब्द. दिवे तिचे तेव्हाही बरोबर होते, हे मला माहीत होतं, आणि ‘राहू दे’ मीच म्हणालो.

गोल दिवे पास्कूने लावले. अजून घट्ट आहेत.