पाय म्हणतात चल, हात म्हणतात थांब

जिला बोलता येत नाही, तिनं ‘मला कळत नाहीये’ हे कसं सांगायचं? मला खरंच माहीत नाही.

भोरजवळच्या एका क्लबवर मी ड्रेसाज शिकते. त्यात घोड्याला हातापायांच्या हलक्या खुणांनी चालवायचं असतं. रविवारी माझी पहिली स्पर्धा. चांगली झाली तर क्लबवरच शिकवायची नोकरी.

आज सकाळी राणी, माझी घोडी, पुढे जाईचना. टाच लावली की थांबायची. जोरात लावली तर मागे सरकली. शेवटी तिच्या तोंडातून फेसाबरोबर रक्त आलं.

घरी येऊन आईला व्हिडिओ दाखवला. ती हसायला लागली. “आगं, बैल हाकतीस का काय? कासरा वडल्यागत लगाम वडतीस!”

मी पुन्हा पाहिलं. औत हाकताना लागलेली सवय. पाय ‘चल’ म्हणत होते, हात ‘थांब’. आणि मी तिलाच हट्टी म्हणत होते.

अशी हातात बसलेली सवय कुणी मोडलीय का? कशी? कृपा करून सांगा.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, गावातल्या लोकांना स्पर्धा बघायला आणायला रविवारसाठी टेम्पो ठरवलाय. क्लबवर मला शिकवणारे सर म्हणतात, “आता माघार घेतलीस तर नोकरी विसर.” पण त्या जखमेवर पुन्हा लगामाचं लोखंड? मघाशीच सरांना फोन करून स्पर्धेतून नाव काढून घेतलं.